काडतूस कोणाचे?

हैदराबादकरांची मराठी उर्दूने बाटलेली आहे, असे बाहेरून येणारे शुद्धिवादी पाहुणे आम्हांस वारंवार ऐकवितात. त्यांच्यापुढे आम्ही आज एकच शब्द ठेवतो : काडतूस.

हा शब्द ऐकून कोणाच्याही कपाळास आठी पडत नाही. परंतु त्याचे कूळ पाहावे. इटालियन 'कार्तोच्चो' म्हणजे कागदाची सुरळी. फ्रेंच 'कार्तूश' तिच्यापासूनच झाला आणि पोर्तुगीज 'कार्तूशु' हा त्याचा भाऊबंद. बंदुकीची दारू व गोळी कागदात गुंडाळीत, म्हणून हे नाव पडले. मूळ ग्रीक 'खार्तेस'. त्याचेच अरबी रूप 'किर्तास' उर्दूत कागदाला म्हणतात. मग काडतूस सोवळे आणि किर्तास ओवळा, हा कोठला न्याय?

अर्थाचेही तेच. फ्रेंचमध्ये हे नाम स्त्रीलिंगी असले म्हणजे बंदुकीचे काडतूस, लेखणीतील शाईची नळी, किंवा सिगारेटच्या पाकिटांचा गठ्ठा. पुल्लिंगी असले म्हणजे नकाशावरील शीर्षकाची नक्षीदार चौकट, किंवा मिसरी राजाच्या नावाभोवतीचे लंबगोल कडे. याच कड्यांतील नावांच्या आधारे शांपोल्यों याने १८२२ मध्ये मिसरी चित्रलिपीचे कोडे उलगडले. 'तो वेळ' आणि 'ती वेळ' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी माणसास याचे नवल वाटू नये. शब्द अनेक घरी राहिला म्हणून बाटत नाही. त्याचा संसार वाढतो.

आमच्या शहराला हे सांगावे लागू नये. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमों १७९८ मध्ये वारला. लोकांनी 'मुस्यू रेमों'चे 'मूसाराम' केले आणि मूसारामबाग आजही नांदते आहे. तिची शुद्धी करण्यास कोण धजेल?

आम्ही जन्मभर सरकारी दप्तरात अर्ज आणि हुकूम हाताळले. हे शब्द पुण्यातही चालतात, ते मात्र कोणास खुपत नाहीत. खुपते ती आमच्या घरातली बोली. तिला दहा वेळा टोकले की नातवंडे तोंड मिटतात आणि इंग्रजीचा आश्रय घेतात. त्याच इंग्रजीने तोच शब्द 'कार्ट्रिज' होऊन छपाईयंत्रासोबत दुसऱ्यांदा घरात आणला. तेव्हा हे द्वारपाल कोठे होते?

चार पिढ्या परमुलखात टिकलेली भाषा परक्या शब्दांनी मरत नाही. ती मरते बोलणाऱ्यास लाज वाटू लागली म्हणजे. ती लाज आमच्या मुलांना शिकवू नका, एवढेच आमचे मागणे आहे.