भाजलेला माणूस रस्ता होईपर्यंत थांबत नाही

वाघबारस जवळ आली. पाड्यापाड्यात फटाके येतील, पोरं वाती पेटवतील. म्हणून आम्ही विक्रोळीतून हे लिहितोय.

१७ जून २०२१ ला डहाणू तालुक्यात फटाक्यांच्या कारखान्यात मोठा स्फोट झाला, कामगार भाजले. डहाणू म्हणजे आपलाच मुलूख. तेव्हा ही गोष्ट लांबची समजू नका.

अंगावरचं कापड पेटलं तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहायचं. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ फडक्यानं झाका आणि १०८ ला फोन करा.

पण गाडी येणार कुठून? विक्रोळीच्या माणसाला ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर खाडी ओलांडली की आलं. पाड्यावरचा माणूस आधी झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावा लागतो. रस्ता मागितला की उत्तर मिळतं, जमीन जंगलाची आहे.

हे उत्तर ऐकून घेऊ नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. रस्ता, दवाखाना, पिण्याचं पाणी अशा १३ सोयींसाठी दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट एवढीच, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी.

ती शिफारस आपल्याच हातात आहे. दिवाळीआधी ग्रामसभा लावा, रस्त्याचा ठराव करा, अर्ज द्या. आणि पोच घेतल्याशिवाय हापिसातून हलू नका.

जिंदाबाद!