"प्रोफाईल स्ट्राँग कर" म्हणणाऱ्या भावांनो...

मंडळी, पुण्यात बसून गावाकडच्या पोरांना देण्यासारखा सगळ्यात स्वस्त सल्ला कुठला असेल, तर तो म्हणजे "लिंक्डइनवर ॲक्टिव्ह राहा रे." कुणीतरी कुठून तरी आपला नंबर मिळवतं, मेसेज टाकतं, "भाऊ, फ्रेशरसाठी काही हाय का तुमच्याकडं?" आणि आपण एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाईप करतो, "प्रोफाईल स्ट्राँग कर. गिटहबवर काहीतरी टाक. नेटवर्क वाढव." पाठवलं की झालं. समाजकार्य पूर्ण.

माझं स्पष्ट मत आहे की याला सल्ला म्हणत नाहीत, याला अंग झटकणं म्हणतात. कुणाला राग आला तर येऊ दे.

आधी पोराची परिस्थिती बघा. सुलतानपूर म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, लोणार तालुक्यातलं, मेहकर-लोणार रस्त्यावरचं आमचं गाव. (पुण्यात सांगताना आधी "लोणार सरोवर माहितीये ना?" असं विचारावं लागतं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा काही दिवस तेवढाही त्रास पडला नाही.) इथलं पोरगं इंजिनिअरिंगला शेगाव, अमरावती नाहीतर संभाजीनगर गाठतं. कॉलेजात कंपनी आली आणि नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर सोयाबीनच्या पैशातून पुण्यात कॉट बेसिसवर खोली, दोन वेळची मेस आणि शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड लावलेला एक क्लास. या क्लासमध्ये हल्ली जावा आणि पायथॉनच्या जोडीला ‘पर्सनल ब्रँडिंग’ही शिकवतात. म्हणजे काय, तर ब्लेझर घालून फोटो, नावाखाली "ॲस्पायरिंग डेटा सायंटिस्ट" आणि रोज सकाळी एक पोस्ट, की आज मी अमुक कोर्सचं सर्टिफिकेट मिळवलं आणि मला अत्यंत आनंद होत आहे. खाली त्याच क्लासमधल्या चाळीस पोरांचं "अभिनंदन". चाळीसही बेकार. एकमेकांच्या टाळ्यांवर नोकरी मिळत असती तर गणपतीच्या आरतीला उभं राहिलेलं अख्खं गाव मॅनेजर झालं असतं!

या साईट चालतात कशा, हेही पोरांना कुणी सांगत नाही. नौकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६ अब्ज डॉलरच्या वर किंमत मोजून घेतलं. दोघांच्याही कमाईचा मोठा वाटा माणसं शोधणाऱ्या कंपन्यांकडून येतो. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक कंपनी, आणि आपण फळीवर मांडलेला माल. यात वाईट काही नाही, बाजार आहे तो. पण मालाला "तू रोज पोस्ट टाक" म्हणून सांगणं म्हणजे मोसंबीला "तू रोज चमक" म्हणण्यासारखं आहे. शोधणारा माणूस फिल्टर लावतो. किती वर्षांचा अनुभव, कुठलं शहर, शेवटचं कधी लॉगिन केलं. म्हणून तर आपल्यातले अर्धे लोक नोकरी बदलायची असली की रोज सकाळी उठून नौकरीवरच्या प्रोफाईलमधला एक पूर्णविराम काढतात आणि दुसऱ्या दिवशी परत घालतात :) ही युक्ती मात्र त्या पोराला कुणी सांगत नाही. त्याला सांगतात, "पॅशन दाखव."

(थोडं विषयांतर. लिंक्डइनचा सगळ्यात चोख उपयोग सध्या मुलींचे वडील करतात. स्थळ खरंच त्या कंपनीत आहे का, किती वर्षं आहे, मधेच गॅप कसला... एवढी बारकाईनं छाननी कुठल्याच एचआरनं केलेली मी पाहिली नाही.)

आता गिटहब. तिथं काहीतरी टाकावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण "काहीतरी" म्हटलं की काय येतं? नेटफ्लिक्सची नक्कल, हवामान दाखवणारं ॲप आणि टायटॅनिक बुडाली तेव्हा कोण वाचलं याचा अंदाज. हजारो पोरांचे हेच तीन प्रोजेक्ट, एकाच यूट्यूब व्हिडिओवरून उतरवलेले. शिवाय रोजचे हिरवे चौकोन भरून दिसावेत म्हणून आपोआप कमिट करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात त्या वेगळ्याच. इंटरव्ह्यू घेणाऱ्यानं "ही ओळ का लिहिलीस?" असं विचारलं की इमारत कोसळली.

अरे, तुझ्या घरात सोयाबीन आहे. त्याच्यावर कर ना काहीतरी. बाजार समित्यांचे रोजचे भाव सरकार ॲगमार्कनेटवर टाकतं, डेटा डॉट गव्ह डॉट इनवरही ते मिळतात, फुकट. २०२४-२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात बाजारात त्याच्या खालीच सौदे होत असल्याची ओरड सगळ्या महाराष्ट्रात चालली होती. मग जवळच्या बाजार समितीचा भाव किती दिवस हमीभावाच्या खाली होता, किती रुपयांनी खाली, आवक वाढली की भाव पडतो का, एवढं एका पानावर काढून दाखव. डेटा घाणेरडा असणार. तारखा गायब असतात, एकाच गावाचं स्पेलिंग दोन प्रकारे असतं. ते साफ करताना जे शिकशील त्यावर इंटरव्ह्यूत पाऊण तास बोलता येईल, आणि कुणाच्या बापाला तो प्रोजेक्ट कॉपी म्हणता येणार नाही. टायटॅनिकमध्ये आपलं कोण बुडालं होतं?

हे पोराच्या हातातलं झालं. पण प्रोजेक्ट करून ठेवला म्हणून तो कुणी उघडून बघतं असं नाही. इथं आपला, म्हणजे पुण्यात आत शिरलेल्यांचा, संबंध येतो.

मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं, की तुला नोकरीची खबर कुणी दिली? ज्यांना ओळखीतून मिळाली होती त्यांच्यातल्या बहुतेकांना ती जिवलग मित्राकडून मिळालीच नव्हती. अधूनमधून, नाहीतर क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. कारण साधं आहे. जिवलग मित्र आपल्याच खोलीत राहतो, त्याला जे माहीत ते आपल्याला आधीच माहीत असतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्याच दोन कोटींहून जास्त वापरकर्त्यांवरचा, पाच वर्षांचा अभ्यास आला. निष्कर्ष साधारण तोच, की घट्ट नात्यापेक्षा थोडी सैल ओळख नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडते. (वापरकर्त्यांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग केले म्हणून लिंक्डइनवर तेव्हा टीकाही झाली. ती रास्तच होती.)

मग सांगा, सुलतानपूरच्या पोराची सैल ओळख कोण? तालुक्यातला, कॉलेजातला, चार-पाच वर्षं पुढचा, हिंजवडीत बसलेला माणूस. म्हणजे तुम्ही आणि मी. "नेटवर्क वाढव" असं आपण ज्याला सांगतो, त्याचं नेटवर्क आपणच असतो! आणि आपणच मेसेज वाचून दोन निळ्या टिका दाखवून गप्प बसतो.

बरं, आपण सापडतो तरी का? सीनियर मंडळींची प्रोफाईल उघडून बघा. गाव "पुणे", शाळेचा रकाना रिकामा, कधीकधी विदर्भातलं डिग्रीचं कॉलेजही खाली दाबून वर कुठल्या तरी ऑनलाईन सर्टिफिकेटचा लोगो. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर जाऊन माजी विद्यार्थी कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत आहेत हे चाळता येतं. ज्यानं कॉलेजच लपवलं तो तिथं दिसणार कसा? गावाचं नाव लिहिल्यानं तुमचं पॅकेज कमी होत नाही हो. मी सुलतानपूर लिहिलंय, आजवर कुणी पगार कापला नाही.

आणि पोराला उत्तर मिळालं नाही म्हणून ते घरी परत जात नाही, हे लक्षात घ्या. ते बाजारात दुसरीकडे वळतं. तिथं त्याला दोन वर्षांचा खोटा अनुभव विकणारे भेटतात, ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, सगळं तयार. किंवा "जॉइनिंगआधी लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" म्हणणारा एक गोड आवाज भेटतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲक्सेंचरनं भारतात अस्तित्वातच नसलेल्या कंपन्यांची कागदपत्रं आणि अनुभवपत्रं दाखवणाऱ्यांना काढल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपण सगळ्यांनी "बरं झालं, चोर लेकाचे" म्हणून फॉरवर्ड केलं. खोटं ते खोटंच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्या दुकानात पोरं कुठल्या रस्त्यानं पोचतात तेही बघायला हवं. डिपॉझिटवाला खरा की खोटा, हे त्याच्या आधी आपल्याला विचारलं असतं आणि आपण दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं, तर घरचे पैसे वाचले असते.

यावर ठरलेला बचाव म्हणजे "रोज वीस मेसेज येतात, सगळ्यांना रेफर कसं करणार? माझं नाव खराब होतं." कबूल. रेफर करूच नका. ज्याचं काम पाहिलं नाही त्याला रेफर करणं हा कंपनीवरही अन्याय आहे. पण "आमच्याकडे यंदा फ्रेशर घेत नाहीयेत" हे लिहायला किती वेळ लागतो? त्या पोराचा त्या कंपनीमागे लागण्यातला एक महिना वाचतो. सीव्हीवर नजर टाकून "पहिलं पान सोडून बाकी काढ" म्हणायला दहा मिनिटं. क्लासच्या नावावरून गूगल करायला पाच. दुसरा बचाव, "आम्हाला कुणी मदत केली होती?" केली होती की! पुण्यात आलो तेव्हा कुणाच्या तरी खोलीत गादी टाकून झोपलोच होतो ना? त्यानं आपल्याला "ॲक्टिव्ह राहा" म्हणून खाली कट्ट्यावर बसवलं नव्हतं.

असो. तालुक्यातली, जिल्ह्यातली पोरं-पोरी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. मला बिनधास्त लिहा, शनिवारी रात्री मी सगळे मेसेज बघतो. फक्त नुसतं "हाय सर" लिहून थांबू नका, त्याला काय उत्तर देणार? कुठली जागा बघितली, तिचा जॉब आयडी, सीव्ही पीडीएफमध्ये, स्वतः केलेल्या एका कामाची लिंक आणि ते करताना कुठं अडकलात ते चार ओळींत, मराठीत लिहिलं तरी चालेल. कुणी पैसे मागितले असतील तर ते सगळ्यात आधी लिहा. आणि सर नको, भाऊ म्हणा.