चुकलं तर लोक हसतील?

माझी भाची इंदूरला बीईच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेटा स्ट्रक्चर्सच्या तिच्या वह्या बघण्यासारख्या, पण ते चारचौघांसाठी लिही म्हटलं की एकच उत्तर. "मामा, चुकलं तर लोक हसतील."

मग तिला बायनरी सर्चची गोष्ट सांगितली. क्रमाने लावलेली यादी मध्यावर उघडायची, नको तो अर्धा भाग सोडायचा, पुन्हा तेच. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत आपण नाव शोधायचो तसंच. कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन बेंटली यांनी पीएचडीच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला हे लिहायला लावलं आणि एकाचं उत्तर सगळ्यांदेखत तपासलं. चुकलेलं! बहुतेकांचं तसंच. त्याच वर्गातल्या जोशुआ ब्लॉक यांनी पुढे जावासाठी हा प्रोग्राम लिहिला. त्यातही चूक राहिली. मध्य काढताना दोन आकड्यांची बेरीज सुमारे २१४ कोटींच्या वर गेली की ती चक्क ऋण व्हायची. नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच हे जाहीर लिहिलं, आणि बेंटलींच्या पुस्तकातही हीच चूक आहे, हेसुद्धा. (गुरूची चूक, तीही आदराने!)

स्वतःच्या वहीत सगळं बरोबरच वाटतं. दुसऱ्याला सांगायला बसलं की पाय अडखळतो. भाची लिहायला बसली आणि दोन ठिकाणी अडली. परीक्षेत त्याच दोन ठिकाणी तिला पूर्ण मार्क होते.

काल तिचा पहिला लेख आला, दीड पान, मराठीत. एक चूक मला दिसली. मी गप्प बसलोय. तिच्या मैत्रिणी काढतील.