लंकेला निघालात? समुद्राशी सलगी नको!



वैशाख पौर्णिमा आणि मुलांची उन्हाळी सुट्टी एकाच हंगामात येते. म्हणून आपली बरीच कुटुंबे मे महिन्यातच श्रीलंकेचा बेत आखतात. भिशीचा पैसा, सोसायटीचे कर्ज, पोटाला काढलेला चिमटा, असे सगळे त्या तिकिटात असते. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी ज्या बेटावर गेले, ते डोळ्यांनी पाहण्याची ओढ आम्ही जाणतो. पण यात्रेची वर्णने लिहिणारे पुष्कळ आहेत. गेलेली माणसे सगळी धडधाकट घरी यावीत, एवढेच आम्हाला आज बोलायचे आहे.

अनुराधपूर, कँडी आटोपले की बस गाल, हिक्कडुवा, बेंटोटाच्या किनाऱ्याला लागते. धोका इथे आहे. मे महिन्यात नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि लंकेचा दक्षिण-पश्चिम किनारा साधारण सप्टेंबरपर्यंत खवळलेला राहतो. त्याच दिवसांत पूर्वेचा त्रिंकोमालीचा समुद्र शांत असतो, पण यात्रेची बस सहसा तिकडे वळत नाही. म्हणजे आपण नेमके चुकीच्या महिन्यात चुकीच्या किनाऱ्यावर उभे असतो. दादर-जुहूच्या चौपाटीवर वाढलेल्या माणसाला वाटते, समुद्र काय आपल्या ओळखीचाच! तो समज मुंबईतच ठेवून जावे.

लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत परत जाते. गंमत अशी, की तो पट्टा बाजूच्या फेसाळ लाटांपेक्षा शांत दिसतो आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. हा ओढा माणसाला खाली बुडवत नाही, आत नेतो. घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारणारा दमतो, आणि दमला की बुडतो. त्यातून सुटायचे तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर पडावे. ते जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करावा. पोहता न येणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाणी घेऊच नये. साडी भिजली की किती जड होते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. लाल निशाण असेल तर पाऊलही टाकू नका. आणि एक बुडतोय म्हणून भाऊ, मग बाप, अशी रांगेने उडी मारू नये. रिकामा प्लास्टिकचा कॅन किंवा दोरी फेकावी आणि जीवरक्षकाला हाक मारावी.

समुद्र एकाएकी मागे हटून तळ उघडा पडला, तर शिंपले वेचत बसायचे नाही, उंच जागी पळायचे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पेरालियाजवळ अख्खी आगगाडी लाटेखाली गेली आणि हजाराहून जास्त माणसे मेली.

आता जमिनीवरचे. अनुराधपूरला चैत्याच्या आवारात अनवाणी जावे लागते. दुपारी फरशी तव्यासारखी तापते. मधुमेह असलेल्यांना चटका कळत नाही, फोड आल्यावर कळते. त्यांनी वंदना सकाळी लवकर उरकावी, मोजे घालावेत. सिगिरियाच्या खडकावर मधमाश्यांची पोळी आहेत. तिथे घोषणा नकोत, शांतपणे चढावे. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

बाह्यांवरून आठवले. आपल्या पोरांच्या दंडावर हल्ली तथागतांचे चित्र गोंदलेले असते. २०१४ साली असेच गोंदण असलेल्या एका ब्रिटिश बाईंना कोलंबो विमानतळावर अडवून परत पाठवले. पुढे २०१७ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाई दिली, हा भाग वेगळा. पण आपल्याला वर्षानुवर्षे कोर्टात बसायला सवड कुठे आहे? गोंदण झाका. मूर्तीकडे पाठ करून फोटोही काढू नका, तिथे तो अनादर समजतात.

आमच्यासारख्या कारकुनाला पैशाचे बोलल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांचे चलनही रुपयाच. आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनच्या वर मिळतात. दुकानदार 'हजार रुपये' म्हणाला तर कोणाचे, ते आधी विचारा. कोलंबोत कुणी गोडबोल्या भेटून 'आज हत्तींचा उत्सव आहे, चला' म्हणाला, तर त्याची रिक्षा बहुधा रत्नांच्या दुकानात थांबते. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वी ठरवा.

पासपोर्ट संयोजकाच्या पिशवीत एकगठ्ठा राहू देऊ नका. निदान झेरॉक्स तरी प्रत्येकाच्या खिशात हवी. बी.पी., शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. एका कागदावर हे नंबर लिहून घरातल्या प्रत्येकाला द्या : पोलीस ११९, पर्यटकांच्या मदतीसाठी १९१२, रुग्णवाहिका १९९०. हे शेवटचे साल नव्हे, फोन नंबर आहे. ही रुग्णवाहिका मोफत असते आणि ती सेवा २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झाली.