अंबाबाईच्या गल्ल्यांतील खाद्यफेरी आणि गंगाराम कांबळे यांचा चहा

१.
देवळाभोवतीच्या जुन्या गल्ल्यांतून वाटाड्यासोबत पायी हिंडायचे, चार-सहा ठिकाणी थांबून खायचे आणि खाता खाता शहराचा इतिहास ऐकायचा, ही पर्यटनाची रीत आता जगभर रुळली आहे. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराचा परिसर तर अशा फेरीसाठी जणू आखूनच ठेवलेला आहे. मात्र अशा फेऱ्यांत सांगितला जाणारा इतिहास बहुधा चवीचा असतो, पंगतीचा नसतो. ही उणीव साधी नाही. त्याविषयी हा थ्रेड.

२.
आरंभ 'पेठ' या शब्दापासून करू. कोल्हापूरच्या उत्तरेला हातकणंगले तालुक्यातील वडगावाने हा शब्द आपल्या नावातच धारण केला आहे. सेनापती धनाजी जाधव यांचे १७०८ मध्ये निधन झाले ते हेच पेठ वडगाव. पेठ म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. कोणी कोठे बसावे, काय विकावे, कोणाच्या हातचे कोणी घ्यावे, याची ती ठरलेली व्यवस्था असे. कोल्हापूरची शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही नावे उच्चारताना हा अर्थ सहसा ध्यानात येत नाही.

३.
अंबाबाईचे माहात्म्य जुने आहे. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत 'महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले' असे बिरुद मिरवीत. आक्रमणांच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली ती १७१५ मध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्यावरून खाली आली आणि देऊळ, राजवाडा व बाजार एका हाकेच्या अंतरात आले. १८९१ मध्ये रेल्वे आली. मग यात्रेकरूंखेरीज व्यापारी, पक्षकार, विद्यार्थी आणि मल्ल असे घराबाहेर जेवणारे लोक शहरात वाढत गेले.

४.
देवळाच्या दारातून बाजार उगवतो, हे जगात इतरत्रही दिसते. तोक्योतील आसाकुसा भागात सेन्सोजी हे प्रसिद्ध बौद्ध मंदिर आहे. त्याच्या महाद्वारापासून देवळाकडे जाणारी नाकामिसे ही दुकानांची रांग आज खाद्यफेऱ्यांचा आवडता मार्ग आहे. एदो काळात मंदिराचे आवार झाडण्याचे काम आसपासच्या रहिवाशांकडे होते आणि त्याच्या मोबदल्यात त्यांना या वाटेवर दुकाने मांडण्याची मुभा मिळाली, असा या रांगेचा उगम सांगतात. गोष्ट गोड आहे आणि फेरीत शोभतेही.

५.
परंतु त्याच आसाकुसात दांझाएमोन ही पिढीजात पदवी धारण करणारा एक पुरुष राहत असे. एदो परिसरातील बहिष्कृत समाजाचा तो शासनमान्य प्रमुख. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, शिक्षा झालेल्यांची देखरेख ही कामे या समाजाच्या माथी मारलेली होती. १८७१ च्या राजाज्ञेने हा दर्जा कायद्याने संपला. आसाकुसा आजही चामड्याच्या व पादत्राणांच्या धंद्यासाठी ओळखला जातो. देवळाची वाट कोण झाडत होते हे सांगायचे आणि देवळापासून दूर कोणाला ठेवले होते हे सांगायचे नाही, तर इतिहास अर्धाच राहतो.

६.
आता कोल्हापुरात परत येऊ. येथेही मंदिरापासून जवळच चप्पल लाईन आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खाद्यफेरीतील माणसे तेथे चपला विकत घेतात, छायाचित्रे काढतात आणि पुढच्या मिसळीकडे वळतात. ज्या हातांनी ती चप्पल शिवली, त्या हातांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच रस्त्यावर चहाचा कप मिळत होता का, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

७.
त्याऐवजी ऐकू येते ते 'शेकडो वर्षांची परंपरा' हे पालुपद. मिसळीची वाटी उघडून पाहावी. मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आले. पाव हा शब्दच पोर्तुगीज. मटकी आणि कांदा हे त्या वाटीतील जुने रहिवासी, बाकीचे पाहुणे. कोल्हापुरात मिसळीसोबत स्लाइस ब्रेड मिळतो; त्याला तर बेकरी हवी. मिसळीचा कट झणझणीत असतो, तो प्राचीन असण्याची गरज नाही. आधुनिक असणे हा कमीपणा नव्हे. उलट, तीच तर खरी गोष्ट आहे.

८.
कारण रस्त्यावरचे खाणे हीच मुळात आधुनिक घटना आहे. जुन्या समाजात अन्न घरी शिजे आणि पंगत जातीची असे. पैसे टाकून अनोळखी माणसाच्या शेजारी बसावे, अनोळखी हाताने रांधलेले खावे, यात पंगतीच्या नियमालाच धक्का होता. हॉटेल नावाच्या जागेने जे आव्हान दिले, ते पाककलेचे नव्हते. ते सहभोजनाचे होते.

९.
हा नियम किती कडक होता हे पाहण्यासाठी कोल्हापूरची वसतिगृहे पाहावीत. राजर्षी शाहू महाराजांनी शिक्षणाची दारे उघडली; पण १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्यानंतरची जैन व मुस्लिम वसतिगृहे, १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह अशी रांग उभी राहिली ती जातीजातींची. वर्ग एक होऊ शकत होता, स्वयंपाकघर नाही. सुधारणेच्या राजधानीतही चूल सर्वांत शेवटी बदलली.

१०.
या पार्श्वभूमीवर गंगाराम कांबळे यांची हकीकत वाचावी. ते राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावल्यावरून त्यांना बेदम मारहाण झाली. परगावाहून परतलेल्या शाहू महाराजांपुढे त्यांनी गाऱ्हाणे मांडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास पाठबळ दिले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'सत्यसुधारक'.

११.
एका दलित माणसाने भर रस्त्यावर, देऊळ आणि राजवाड्याच्या वाटेवर, चहा विकायला बसणे म्हणजे काय, हे आज कळणे कठीण आहे. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांना महाराज आधी गंगारामांचा चहा पाजत, असेही सांगितले जाते.

१२.
ही कथा सांगितली जाते तेव्हा ती बहुधा राजाच्या औदार्याची कथा होते. त्यात चूक नाही, पण ते अपुरे आहे. महाराज चहा पिऊन पुढे जात. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चूल पेटवायची, दार उघडायचे, रस्त्यावरच्या नजरा झेलायच्या आणि रिकाम्या बाकांसमोर उभे राहायचे, हे गंगारामांचे काम होते. धोका रोजचा होता आणि तो त्यांचा होता. खाद्यफेरीत त्यांचे नाव यायचे तर 'महाराजांनी ज्याच्याकडे चहा घेतला तो' असे नव्हे, तर या शहराच्या सार्वजनिक खाद्यसंस्कृतीचे एक प्रवर्तक म्हणून यायला हवे.

१३.
पुढचा क्रमही लक्षात घ्यावा. १९१९ मध्ये शाहू महाराजांनी विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी घालणारे हुकूम काढले. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महाराज स्वतः उपस्थित. हे माणगाव हातकणंगले तालुक्यातच, म्हणजे पेठ वडगावच्या शेजारातच येते. भाऊसिंगजी रस्त्यावरचा चहा आणि माणगावचा मंडप ही एकाच काळाची दोन रूपे आहेत.

१४.
१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. पुढच्याच वर्षी संविधान लागू झाले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: तेथे कोणालाही जातीच्या कारणाने मज्जाव करता येणार नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख का करावा लागला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने 'सत्यसुधारक'ची गोष्ट वाचावी.

१५.
यावर एक आक्षेप हमखास येतो: लोक मजेसाठी येतात, घासागणिक जात कशाला काढायची? आक्षेप प्रामाणिक आहे. फेरी म्हणजे व्याख्यान नव्हे. वाटाड्याचे पोटही तिच्यावर असते. पण गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले म्हशीचे फेसाळ दूध पिताना तालमींची आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानाची गोष्ट आवडीने ऐकली जातेच. गुळाचा खडा तोंडात टाकताना १८९५ मध्ये वसलेल्या शाहूपुरी बाजारपेठेची गोष्टही रुचते. मग चहाच्या कपासोबत गंगारामांची गोष्ट जड का व्हावी?

१६.
उलट ती गोष्ट वगळल्याने नुकसान होते ते चवीच्याच इतिहासाचे. तांबडा-पांढरा रस्सा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आला एवढे सांगून थांबले, की मसाला कुटणाऱ्या बाया, मटण कापणारे खाटीक, दूध घालायला येणारे गवळी हे सारे चित्रातून नाहीसे होतात. राजवाड्याला नाव असते, रस्त्याला नसते. म्हणून रस्त्याची नावे मुद्दाम शोधावी लागतात.

१७.
हे काम आता तातडीचे झाले आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथील मंत्रिमंडळ बैठकीत महालक्ष्मी मंदिर विकास आराखड्याला सुमारे १,४४५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. भाविकांच्या सोयी वाढाव्यात, यात वाद नाही. पण एवढ्या मोठ्या बदलानंतर गल्ल्या आज आहेत तशा राहत नाहीत. दगडी शिल्पांची नोंद पुरातत्त्व खाते ठेवील. चहाच्या टपरीची, हॉटेलातल्या जुन्या बाकाची, वेगळ्या ठेवलेल्या कपबशीच्या आठवणीची नोंद कोण ठेवणार?

१८.
म्हणून तीन अपेक्षा. पहिली: मंदिर परिसरातील प्रत्येक खाद्यफेरीत भाऊसिंगजी रस्त्यावर एक थांबा असावा, चहाचा, आणि तेथे गंगाराम कांबळे यांचे नाव घेतले जावे. दुसरी: 'पारंपरिक' म्हणण्याआधी पदार्थाचा काळ सांगावा. तिसरी: इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या हॉटेलमालकांकडे, वाढप्यांकडे आणि गिऱ्हाइकांकडे बसून आठवणी लिहून घ्याव्यात, परवाने, पाट्या, दरपत्रके यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

१९.
याची सुरुवात कोल्हापुरातूनच व्हावी असे नाही. पेठ वडगावसारख्या प्रत्येक पेठेत बाजाराच्या दिवशी कोण कोठे बसत असे, पहिले हॉटेल कोणाचे, तेथे कोणाला आत बसता येई आणि कोणाला बाहेर उभे राहावे लागे, हे सांगू शकणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जायला पुरातत्त्वाची परवानगी लागत नाही. येत्या सुट्टीत जाता येईल.