मेघविद्येची उपेक्षा परवडणार नाही

पाऊस लांबला की महाराष्ट्राला कृत्रिम पावसाची आठवण होते. २००३, २०१५ आणि २०१९ या वर्षी राज्यात विमाने ढगांकडे झेपावली. पुढे पाऊस आला की विषय विस्मृतीत जातो. परंतु कोणता मेघ बरसतो आणि कोणता रिताच निघून जातो, या मूळ प्रश्नाचा अखंड अभ्यास पुण्यातील एक संस्था करीत आहे, याचे भान कितीजणांना असते?

पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे मेघभौतिकीची प्रयोगशाळा उभारली. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवरील या स्थानी पावसाळ्यात ढगच भूमीवर उतरतात. विमान ढगातून काही क्षणांत पार होते. येथील उपकरणे मात्र ढगातच ठाण मांडून त्याची मोजदाद करतात.

हवेतील धूळ, मीठ, धूर यांच्या सूक्ष्म कणांवर बाष्प साचून मेघबिंदू जन्मतो. असे सुमारे दहा लाख बिंदू एकवटले की पावसाचा एक थेंब होतो. कण फार झाले तर तेवढेच पाणी असंख्य बारीक बिंदूंत विभागले जाते आणि थेंब मोठा होण्यास विलंब लागतो. नगरांचा धूर हा म्हणूनच शेतकऱ्याच्याही चिंतेचा विषय होय.

महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव तहानलेले राहतात. अशा भूमीच्या मेघांचे गणित परदेशांतील निरीक्षणांवर बेतलेल्या सूत्रांनी पूर्णतः सुटणार नाही. ही दृष्टी आपल्याला नवी नाही. कौटिल्याने कोष्ठागारात पर्जन्यमापक कुंड ठेवण्यास सांगितले आणि अश्मक, अवंती आदी प्रदेशांचे पर्जन्यमान वेगवेगळे नोंदविले.

याच संस्थेने १९७३ पासून बारामती परिसरात ढगांत मीठ फवारण्याचे प्रयोग केले. सोलापूर भागातील २०१८-१९ च्या प्रयोगात योग्य मेघ निवडल्यास बीजारोपणाच्या परिसरात पाऊस सरासरी सुमारे १८ टक्के वाढू शकतो, असे आढळले. अर्थात, मेघच नसेल तर बीजारोपण व्यर्थ! योग्य मेघ ओळखण्याचे ज्ञान दुष्काळाच्या वर्षी घाईने विकत घेता येत नाही. ते सुकाळातच साठवावे लागते. म्हणून अशा संशोधनास शासनाने सातत्याने निधी द्यावा आणि बुद्धिमान तरुणांनी या क्षेत्राकडे वळावे. माण-खटावच्या शेतकऱ्याचे हित त्यातच आहे.