बटवा आला, आजी मागेच राहिली

न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी घरांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे: इथलं सगळं केमिकल आणि आपलं सगळं नैसर्गिक. नळाला फिल्टर लागतो, भाजी ऑरगॅनिक येते, बाळाची बाटली घेताना प्लास्टिक कोणतं आहे ते पाहिलं जातं. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर वाचणारी हीच मंडळी भारतातून आलेल्या बॅगेतली चूर्णाची पुडी मात्र डोळे मिटून उघडतात. त्या पुडीवर ना नाव असतं, ना तारीख. माझा आक्षेप या डोळे मिटण्याला आहे.

इथल्या पर्यावरणाविषयीची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शिशाचा रंग घरांना लावण्यावर अमेरिकेत 1978 साली बंदी आली. त्याआधीची असंख्य घरं अजून उभी आहेत आणि त्यांच्या खिडक्यांचे पोपडे रांगणाऱ्या मुलांच्या हाती लागतात. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात 2014 पासून नळाच्या पाण्यातून शिसं घरोघर गेलं, आणि पाणी उत्तम आहे असं अधिकारी सांगत राहिले. त्यात डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत सर्दी बरी होऊन गेलेली असते. अशा ठिकाणी माणूस आजीच्या बटव्याकडे वळला तर त्यात नवल नाही. पण इथलं पाणी खराब निघालं यावरून आपली पुडी शुद्ध ठरत नाही. शिसं खिडकीच्या रंगातून आलं काय आणि हळदीतून आलं काय, मुलाच्या मेंदूचं व्हायचं ते नुकसान होतंच.

हळदीचं नाव मी सहज घेतलेलं नाही. बांगलादेशात हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळाधमक रंग चोळला जात असे, कारण गिऱ्हाईक रंगावर भाळतं. तिथल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तात सापडलेलं शिसं कुठून आलं याचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. ते 2019 साली प्रसिद्ध झालं, सरकारने बाजारात धाडी घातल्या, व्यापाऱ्यांना दंड केले आणि दोनच वर्षांत ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे दोष हळदीच्या झाडाचा नव्हता आणि उपायही अशक्य नव्हता. मात्र तो उपाय तपासणीतून आला, ‘आपली हळद’ म्हणून टाकलेल्या विश्वासातून आला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: भेसळ हा व्यापाऱ्याचा गुन्हा, त्यात आयुर्वेदाचा काय दोष? शिवाय रसौषधींत धातू असले तरी ते शोधन करून, भस्म करून वापरलेले असतात. उत्तर वजनदार आहे, म्हणून त्याला आकड्यांनीच भिडायला हवं. बॉस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचं 2004 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2008 साली इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 औषधांची तपासणी छापून आली. रसौषधींत सुमारे 40 टक्के औषधांत हे धातू होते. पण ज्यांत धातू घालायचेच नसतात अशा निव्वळ वनस्पतींच्या औषधांतही 17 टक्के. शोधनाचा युक्तिवाद या 17 टक्क्यांना लागूच होत नाही. आणि अमेरिकेत बनलेली व भारतात बनलेली औषधं जवळपास सारखीच दोषी निघाली, तेव्हा ‘इथे बनलंय म्हणजे बरंच असेल’ हा दिलासाही कुणी घेऊ नये.

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. पिढ्यान्‌पिढ्या दिलं, कुणाला काही झालं नाही. इथे बाळगुटीकडे जरा जवळून पाहू. सहाणेवर आईचं दूध किंवा पाणी घ्यायचं आणि हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा एकेक करून उगाळायचं. कशाचा एक वेढा, कशाचे दोन, हे आजी रोज सकाळी ठरवायची. बाळाला शी कशी झाली, रात्री किती रडलं, हवेत गारठा आहे का, हे पाहून ती जायफळाचा वेढा कमी करायची, नाहीतर ते बाजूलाच ठेवायची. औषध होतं ते त्या पाहण्यात. परदेशात काय आलं? त्याच द्रव्यांची तयार पूड, सोबत फोनवरून ‘चिमूटभर दे’ एवढी सूचना. चिमूट कुणाची, वेखंड कुठलं, किती जुनं, काही ठाऊक नाही. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने ते खाद्यपदार्थांत वापरायला 1968 सालीच मनाई केली आहे. आणि गुटी मधातून चाटवली जात असेल तर ते आजच थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो. पूर्वी त्याचं निदानच होत नसे, म्हणून ‘काही झालं नाही’ असं वाटत राहिलं.

मात्रेचंही तसंच. आमटीत पडणारी हळद निराळी आणि मिरीचा अर्क मिसळलेली हळदीची कॅप्सूल निराळी. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकी डॉक्टरांनी केल्या आहेत. धूपाची गोष्टही वेगळी नाही. कोकणातल्या कौलारू घरातला धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. इथे जानेवारीत काचा गच्च बंद असतात आणि दम्याचं मूल त्याच खोलीत निजतं.

एवढं वाचून ‘म्हणजे सगळं थोतांडच’ म्हणणाऱ्यांनी घाईने टाळी वाजवू नये. त्यांचंही मला पटत नाही. पोट दुखलं की आपण ओवा चावतो; त्यातलं थायमॉल जंतुनाशक आहे. हेच थायमॉल न्यू जर्सीच्या वाळूत रानोमाळ उगवणाऱ्या हॉर्समिंट नावाच्या झुडपात असतं, आणि एकेकाळी अमेरिकेत ते त्यातून काढलंही जायचं. आपल्या आज्यांना गावच्या बांधावरची झाडं पानागणिक ठाऊक होती. त्यांचा वारसा सांगायचा तर इथल्या बांधावरची झाडंही आपल्याला ओळखता यायला हवीत. मला तरी बॅगेतल्या पुडीपेक्षा हे जास्त अस्सल वाटतं. गवती चहा कुंडीत लावा, थंडी पडली की आत घ्या. आल्याचा काढा, मिठाच्या गुळण्या, ओव्याची फक्की खुशाल चालू ठेवा. हे सगळं आपल्याला दिसतं, ओळखता येतं, आणि त्याची मात्रा आपल्याच हातात राहते. बाळाच्या डोळ्यांत मात्र विकतचं काजळ किंवा सुरमा नको. सुरम्यात शिसंच असू शकतं, आणि तीट गालावरही शोभते.

न्यू जर्सीत मूल एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की रक्तातलं शिसं तपासावं असा नियम आहे. डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की पुढची चौकशी सुरू होते. तेव्हा घराच्या रंगाबद्दल विचारतात, नळाबद्दल विचारतात, आणि आपण पुड्यांबद्दल गप्प बसतो. डॉक्टर हसतील म्हणून, किंवा आपल्या संस्कृतीला नावं ठेवतील म्हणून. हसू देत. चूर्ण, गुटी, काजळ, कुंकू, हळद, जे घरात आहे ते एका पिशवीत घालून डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.

आणि आपल्या मंडळांना माझी मागणी आहे. गणेशोत्सवात सभागृहाबाहेर चूर्णं, तेलं, काढ्यांच्या बाटल्या यांचे स्टॉल लागतात. स्टॉलचं भाडं घेताना प्रत्येक मालाचा जड धातूंच्या तपासणीचा दाखला मागा, आणि तो दाखला गिऱ्हाइकाला वाचता येईल असा स्टॉलवर लावायला सांगा. ज्याच्याकडे दाखला नाही, त्याला यंदा टेबल देऊ नका.